बालवाडीत विज्ञान घ्यायचं तर भोपळ्यापासून सुरुवात करा

आमच्या बालवाडीत दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक आख्खा लाल भोपळा येतो. चांगला चार-पाच किलोचा, देठासकट. पहिले दोन दिवस मुलं त्याला नुसती लोळवतात, टकटक वाजवतात, त्याच्यावर बसून घेतात. उचलायला दोघं-तिघं लागतात. तिसऱ्या दिवशी मी अंगणात मोठा टब भरून ठेवते आणि विचारते, "याला पाण्यात सोडला तर काय होईल?" सगळी एका सुरात, "बुडेल!"

भोपळा पाण्यात जातो, जरासा दबतो आणि वर येऊन डुलायला लागतो. मग मी एक रुपयाचं नाणं पुढे करते. इवलंसं नाणं, ते तर तरंगणारच, असं मुलांना वाटतं. ते सरळ तळाशी जाऊन बसतं. दोन क्षण कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "ताई, परत टाका ना."

हे "परत टाका ना" ऐकू आलं की त्या दिवसाचं माझं काम झालं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत विज्ञान घ्यायचं म्हणजे त्यांना आधी अंदाज करायला लावायचा, मग हातानं करू द्यायचं आणि आपण उत्तर गिळून बसायचं. यातलं तिसरं सगळ्यात कठीण. मी सुरुवातीची काही वर्षं मुलांना भराभर सगळं समजावून सांगत असे. मुलं माना डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरलेलं नसे. पुढे जे लिहिलंय ते त्यानंतर शिकले. ते अंगणवाडीताईंना, बालवाडीच्या बाईंना आणि घरी असं लेकरू असलेल्या आई-बाबा, आजी-आजोबांना उपयोगी पडावं.

आधी मुलाचं डोकं कसं चालतं ते बघा

चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यादेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, आता जास्त कुठे आहे? ते उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराचा हा नमुना नोंदवला. पाणी तेवढंच आहे ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते. तोवर मूल डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवतं, आणि ते चुकत नसतं, त्या वयात विचार तसाच होतो. त्याला दामटून "नाही, सारखंच आहे" म्हणायला लावलं तर ते म्हणेलही, पण तुमचं मन राखायला. ओता-ओती मात्र भरपूर करू द्या. त्यातूनच ती समज हळूहळू बसते.

तसंच चंद्र आपल्याबरोबर चालतो, वारा जिवंत असतो, ढगाला राग येतो, असं ही मुलं मनापासून मानतात. यावर हसू नका आणि लगेच खोडूही नका. "चंद्र तुझ्याबरोबर येतो? मग तू घरी आणि मी माझ्या घरी गेले तर तो कुणाबरोबर जाईल?" एवढं विचारून सोडून द्या. मूल दोन दिवस त्यावर विचार करतं.

म्हणून या वयात घनता, गुरुत्वाकर्षण, प्रकाशसंश्लेषण हे शब्द आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द पाठ होतात, पालक खूश होतात आणि मुलाचं बघणं थांबतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून आणि कृतीतून शिकण्याचाच मानला आहे.

सामान काय लागतं

विकतचा विज्ञानसंच घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात आणि आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी दगड, शिंपले, बिया, पानं, काड्या यांतूनच शिकवण्याची साधनं उभी केली. आजही मला याहून चांगलं सामान माहीत नाही.

एक टब किंवा घमेलं, तीन-चार पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, जुनी फडकी, खडू, एक मोठं भिंग, मूठभर मटकी, थोडे वाल, हळद, साबणाची वडी. भिंग मात्र बरं घ्या. ओरखडे पडलेल्या भिंगातून काहीच दिसत नाही आणि मुलाला वाटतं आपल्यालाच बघता येत नाही.

एका वेळी पाच-सहा मुलं घ्या, जास्त नको. बाकीच्यांना मदतनीसताईंबरोबर माती, ठोकळे किंवा गाणी द्या आणि गट फिरवा. एका गटाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वीस मुलांना गोल बसवून मध्ये तुम्ही प्रयोग करून दाखवला, तर पुढच्या चौघांना दिसतो आणि मागच्यांची ढकलाढकली सुरू होते.

पाण्याचा आठवडा

भोपळ्यानंतरचा आठवडा मी पूर्ण पाण्याला देते. रोज नवा प्रयोग शोधायची गरज नाही, तोच खेळ थोडा थोडा पुढे सरकवायचा.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी. तांब्या, गाळणी, चहाची किटली, करवंटी, चाळण द्या आणि बाजूला बसा. काही शिकवू नका. चाळणीत पाणी राहत नाही हे कळायला एकेक मूल दहा-दहा वेळा प्रयत्न करतं. करू द्या.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर खडूनं दोन मोठी वर्तुळं काढा. एकात लाटा काढा, ते तरंगणाऱ्यांचं. दुसऱ्यात खाली जाणारा बाण, ते बुडणाऱ्यांचं. बटाटा, खडा, वाळकं पान, स्टीलचा चमचा, करवंटी, खोडरबर, खराट्याची काडी अशा सात-आठ वस्तू द्या. पाण्यात काही टाकण्याआधी प्रत्येक वस्तू मुलांनी आपल्या अंदाजानं एका वर्तुळात ठेवायची. ही पायरी गाळू नका. अंदाज आधी ठेवला की मूल त्यात गुंततं, आणि मग जे घडतं ते डोळे मोठे करून बघतं. त्यानंतर एकेकानं एकेक वस्तू पाण्यात हळूच सोडायची आणि गरज पडली तर वर्तुळ बदलायचं. वस्तू चुकीच्या वर्तुळात होती म्हणून "चुकलं" म्हणू नका. "अरे, हिचं घर बदललं" म्हणा.

तिसऱ्या दिवशी चमचा आणि वाटी. दोन्ही स्टीलच्या. चमचा बुडालेला त्यांनी काल पाहिलाय, त्यामुळे वाटीही बुडेल असं बहुतेक सांगतात. वाटी अलगद ठेवली की तरंगते. मग मुलं आपणहून तिच्यात चमचा ठेवतात, खडे ठेवतात. एकेक खडा मोजत टाका. कितव्या खड्याला वाटी बुडेल, हा खेळ एकदा सुरू झाला की थांबवणं अवघड जातं. वाटी का तरंगली असं मी एकदा विचारलं तेव्हा साडेचार वर्षांची एक मुलगी म्हणाली, "तिचं पोट रिकामंय." मग बुडली का? "पाण्यानं पोट भरलं." यापेक्षा सोपं आणि बरोबर उत्तर मला देता आलं नसतं. तेच वाक्य मी आता दर वर्षी फळ्याशेजारी लिहून ठेवते.

चौथ्या दिवसासाठी संत्रं. सालीसकट ते तरंगतं. सोलल्यावर बहुतेक वेळा बुडतं, कारण मऊ सालीत हवा भरलेली असते. पण सोललेल्या फोडींमध्ये हवा अडकली तर तरंगतही राहतं, म्हणून आदल्या दिवशी घरी करून बघा. आणि मुलांसमोर वेगळंच झालं तर लपवू नका. "मला वाटलं होतं बुडेल, नाही बुडालं. आता काय करूया?" असं सरळ म्हणा. ताईचाही अंदाज चुकतो आणि ताई पुन्हा करून बघते, हे मुलांनी बघायलाच हवं. खेळ झाल्यावर संत्रं वाटून खा.

विचारायचं काय आणि गप्प कधी बसायचं

"का?" हा प्रश्न आपल्या तोंडी सारखा येतो. चार वर्षांच्या मुलाला तो परीक्षेसारखा वाटतो आणि ते गप्प होतं. त्याऐवजी "काय होईल?", "आता काय दिसतंय?", "मघाशी कसं होतं?", "आणखी कशानं करून बघायचं?" हे प्रश्न वापरा. या सगळ्यांची उत्तरं मुलाच्या डोळ्यांसमोर असतात, आठवून सांगावी लागत नाहीत. "का" मुलांकडून येऊ द्या, तो येतोच.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मी मनातल्या मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ते पाच आकडे फार लांब वाटतात.

घरी वेगळी बोली बोलणारं मूल असेल, वारली, अहिराणी, गोंडी, मालवणी, तर त्याला त्याच्याच शब्दांत सांगू द्या. वस्तूचं प्रमाण मराठीतलं नाव नंतर शिकता येतं. बघितलेलं सांगायची उमेद एकदा गेली की ती परत आणणं कठीण.

बर्फाला गोधडी

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, आणि तो मोठ्यांनाही चकवतो. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की करा. बालवाडीत फ्रिज नसतो, म्हणून गोळेवाल्याकडून किंवा मासळीवाल्या मावशींकडून बर्फ आणा. साधारण मुठीएवढे दोन सारखे तुकडे करा. ते तुकडे मुलांनाच निवडू द्या. "हा मोठा आहे, हा लहान, मग बरोबर नाही" अशी तक्रार कुणी केली तर त्याचं मनापासून कौतुक करा, कारण बरोबरीनं तुलना करायची हे त्याला उमगलंय.

एक तुकडा ताटलीत उघडा ठेवा. दुसरा दुसऱ्या ताटलीत ठेवून कोरड्या गोधडीच्या तुकड्यात नीट गुंडाळा. दोन्ही ताटल्या सावलीत शेजारी शेजारी. आता विचारा, "कोणता आधी संपेल?"

मुलं ठामपणे सांगतात, गोधडीतला. गोधडीत गरम होतं ना! आई थंडीत तीच तर पांघरते. मी पालकसभेतही हा प्रश्न विचारते आणि निम्मे पालक हेच उत्तर देतात.

अर्ध्या तासानं गोधडी उघडा. उघडा तुकडा बराच वितळलेला असतो आणि गोधडीतला अजून चांगला जाड असतो. गोधडी स्वतः गरम नसते. ती उष्णता अडवते. आपल्या अंगाची आत धरून ठेवते आणि बाहेरची बर्फापर्यंत लवकर पोचू देत नाही. हे तुमच्यासाठी लिहिलंय, मुलांना सांगायला नाही. मुलांना गोधडीत हात घालू द्या, स्वतःचा हात गुंडाळून बघू द्या, मग बर्फ पुन्हा झाकून आणखी पाव तासानं बघू द्या. एक मुलगा म्हणाला होता, "गोधडीनं बर्फाला झोपवलं, म्हणून तो पळाला नाही." त्यावर मी काहीही बोलले नाही. पुढच्या वर्षी तोच मुलगा, आता मोठ्या गटात, दाराशी येऊन म्हणाला, "ताई, मासेवाली बर्फावर गोणपाट टाकते, ती पण गोधडीच आहे." वर्षभर त्याच्या डोक्यात ते चालू होतं.

बर्फ जास्त वेळ हातात धरायला देऊ नका, कातडी बधिर होते. बाजारचा बर्फ खायचा नाही, हेही आधीच सांगा.

बी रुजताना

मुलांना वाट बघता येत नाही. म्हणून सुरुवात मटकीनं करा. संध्याकाळी भिजत घातली, सकाळी ओल्या फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी मोड डोळ्यांसमोर. एक पुरचुंडी ओली आणि एक कोरडी बांधा. कोरडीला मोड का नाहीत, हे मुलं स्वतः सांगतात. पावसाळ्यात फडकं दिवसातून दोनदा धुवा, नाहीतर आंबूस वास येतो. मोड आलेली मटकी शिजवून उसळ करा. आपण रुजवलेलं आपण खाल्लं, याचा मुलांना फार आनंद असतो.

मग वाल. पारदर्शक ग्लासाला आतून जाड कोरा कागद लावा, मध्ये कापूस भरा, आणि काच व कागद यांच्या मध्ये चार वाल खोचा, एक उभा, एक आडवा, एक उलटा, एक तिरका. तळाशी बोटभर पाणी ठेवा, बी पाण्यात बुडायला नको, कुजतं. तीन-चार दिवसांत मुळं फुटतात आणि बी कसंही ठेवलेलं असो, मूळ खालीच वळतं. मुळं बोटभर लांब झाल्यावर पाणी काढून ग्लास आडवा करा, कापूस ओला ठेवा. दोन-तीन दिवसांत मूळ पुन्हा वळून जमिनीकडे तोंड करतं. हे बघायला मी स्वतः अजूनही सकाळी लवकर येते.

एक ग्लास कपाटात अंधारात ठेवा. मुलं म्हणतात, तिथे उगवणार नाही. उगवतं, उलट लांब वाढतं, पण पिवळट, लुळं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवा आणि मुलांना रंग भरायला द्या.

प्रत्येक ग्लासावर मुलाचं चित्र किंवा नाव हवं. एखाद्याचं बी रुजलं नाही तर ते मूल खूप दुखावतं, म्हणून प्रत्येकाच्या ग्लासात चार बिया घालायच्या, एक नको.

थोडक्यात आणखी

सावली: सकाळी दहाला एका मुलाला अंगणात उभं करून पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूनं रेघ मारा. अकराला आणि बाराला त्याच पावलांवर उभं करा. सावली सरकली आणि आखूड झाली, हे तीन रेघांत दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात एक दिवस दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात तो दिवस मेच्या मध्याला, नागपुरात मेअखेरीस येतो. सुट्टी असते, पण पालकांना सांगून ठेवा, घरच्या अंगणात बघतील.

हळद: कागदावर ओली हळद फासून वाळवा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढली की लाल उमटते, आणि लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. जेवताना सांडलेल्या हळदीचा डाग धुताना लाल का होतो, हे आयांना मुलं घरी जाऊन सांगतात. चुन्यानंही रंग बदलतो, पण चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, तो वर्गात आणू नका.

मुंग्या: भिंतीलगत चिमूटभर साखर, मीठ आणि गुळाचा खडा ठेवून दुरून बघा. भिंगातून पाय मोजा, सहा. मृगाच्या पावसात लाल मखमली किडा दिसला तर त्याचे मोजा, आठ भरतील. बघून झालं की जिथून घेतला तिथेच सोडायचा.

जिवाला जपा

टब वापरून झाला की लगेच रिकामा करा. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. भरलेला टब सोडून क्षणभरही आत जाऊ नका, फोन आला तरी नाही.

बिया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. या वयात बी नाकात किंवा कानात जाण्याचे प्रकार घडतात. गेलंच तर पिनेनं, काडीनं काढायला जाऊ नका, कानात पाणी किंवा तेल घालू नका, बी फुगतं. सरळ डॉक्टरांकडे न्या. कच्चा राजमा विषारी असतो, तो खेळायलाही नको. गुंजा, एरंडाच्या बिया, कण्हेर हे परिसरात असलं तरी मुलांच्या हाती पडू देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा धोक्यात येतो. बटणासारखे छोटे सेल आणि लहान लोहचुंबक वर्गात अजिबात नकोत, पोटात गेले तर आतडी जखमी होतात.

काय लिहून ठेवायचं

गुण देऊ नका. एक शंभरपानी वही करा, प्रत्येक मुलाला दोन पानं. तारीख घालून मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, सुधारून नाही. "पोट रिकामंय" तसंच. महिन्याला एका मुलाची दोन वाक्यं लिहिली तरी पुरे. जुलैत "बुडलं" एवढंच म्हणणारं मूल फेब्रुवारीत "मला वाटलं बुडेल, पण तरंगलं, मग मी परत टाकलं" असं सांगतं, आणि ते पालकांना वाचून दाखवलं की मग घरी विज्ञानाचा गृहपाठ द्या अशी मागणी होत नाही.

मूल असं काही विचारेल ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही. "मला माहीत नाही, कसं शोधूया?" म्हणा आणि तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुसू नका. मुलं त्याची आठवण करून देतात.

आणि भोपळा. तो आठवडाभरानं कापायचा. आत नेमकं काय आहे याचा अंदाज आधी प्रत्येकाकडून घ्या. "पाणी", "हवा", एकदा तर "म्हातारी" असंही उत्तर आलं होतं. पोकळी दिसली की वाटीचं रिकामं पोट कुणाला तरी आठवतंच. गराची भाजी करा, बिया धुऊन दहा-दहाच्या ढिगांत मोजा, आणि चार बिया त्याच दिवशी कुंपणाशी लावा. वेलाला पहिली पिवळी फुलं येईपर्यंत मुलं रोज आत शिरण्याआधी तिकडे वळतात. चांगला पाऊस झाला तर दिवाळीच्या सुमारास नवा भोपळा धरतो. तो पिकला की टब भरून ठेवा.